प्रति : कलासंस्थेचा प्रमुख चित्रकार असावा की प्रशासक?

उत्तम चित्रकाराला अधिष्ठाता, म्हणजे कलासंस्थेचा प्रमुख, केल्यास त्याचे चित्र आणि संस्था ही दोन्ही बुडतात, असे या चर्चेत म्हटले गेले आहे. ते मला अर्धेच पटते. चित्रकार म. वि. धुरंधर 1890 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले, पुढे शाळांमधील चित्रकला शिक्षणाची पाहणी करणारे रेखाकला निरीक्षक झाले, काही काळ त्यांनी संचालकपदही सांभाळले, आणि या साऱ्या काळात त्यांचा कुंचला थांबला नाही. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या त्यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकातच तो कालावधी आहे.

या चर्चेत निरीक्षकपदाचा उल्लेख आला नाही, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात चित्रकला शिक्षक म्हणून काम करताना मी पाहिले आहे की, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना कलामहाविद्यालय नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नसते. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला असे महाविद्यालय असूनही पालक मुंबईचा खर्च मोजत बसतात. शाळांचे वर्ग आतून पाहिलेला प्रमुख ही दरी ओळखतो. 2023 मध्ये जे. जे. अभिमत विद्यापीठ झाल्यावर तेथे कुलगुरूपद आले. त्या पदाच्या निवडीत शालेय कलाशिक्षणाच्या अनुभवाला वजन मिळायला हवे, निव्वळ प्रदर्शनांच्या यादीला नव्हे.