इंजिन सहा इंच मागे घेऊन नक्की काय मिळतं?

कुपवाडचा फिटर
परवा या फोरमवर यवतेश्वर ११ यांनी लिहिलं: ‘लोटस सेव्हन पद्धतीच्या, घरी बांधलेल्या छोट्या उघड्या गाडीत जिप्सीचं इंजिन टाकायचं असेल तर आधी क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा पाइप) कापा, इंजिन सहा इंच मागे घ्या, पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन परफेक्ट फिफ्टी-फिफ्टी होतं.’ खाली सगळे ‘नाद खुळा’ म्हणत बसलेत. कॅल्क्युलेटर एकानंही उघडला नाही.

मी उघडला. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १३० किलो धरा, व्हीलबेस २,३०० मिमी, सरकवलं १५० मिमी. पुढच्या ॲक्सलवरून मागच्यावर जाणारं वजन: १३० गुणिले १५०, भागिले २,३००. साडेआठ किलो! ड्रायव्हरसकट ७०० किलोच्या गाडीत सव्वा टक्का. ५४-४६ असेल तर ५४ चे पावणेत्रेपन्न होतील. एवढ्यासाठी चॅसी कापायची? बारा किलोची बॅटरी पुढच्या ॲक्सलवरून उचलून मागच्या ॲक्सलवर ठेवा, पुरे बारा किलो मागे जातात. खर्च केबलचा आणि चार नटबोल्टचा.

आणि कापताय काय? या चॅसीत एक इंची, १६ गेजचा चौकोनी पाइप असतो. त्याची ताकद त्रिकोणांत आहे, पाइपात नाही. इंजिन-बे वरून आधीच उघडा. तिथला आडवा आणि तिरका पाइप काढला की अख्खी गाडी पिळायला लागते.

यवतेश्वर ११
काका, गणित बरोबर, प्रश्न चुकला. ॲक्सलवरचं वजन हा अर्धाच भाग. वजन गाडीच्या मध्याजवळ असेल तर गाडी वळायला कमी आढेवेढे घेते. पोलर मोमेंट म्हणतात त्याला. तुमची बॅटरी पार टोकाला गेली, म्हणजे तोही वाढला. काट्यावर आकडा सुंदर, पहिल्या हेअरपिनला गाडी ढिम्म.

आणि क्रॉसमेंबर कापून झालाय. त्यामुळे ‘कापू नका’ हा सल्ला आता नको.

आयर्विन ब्रिज
कापून झालाय?! मग लोकांना का सांगता ‘आधी कापा’ म्हणून?

माझ्या मित्रानं मिरजेच्या शेडमध्ये हेच केलं होतं. इंजिन मागे गेलं, त्याबरोबर गिअर लिव्हर पार कोपराखाली. दुसरा टाकायचा तर हात मागे वळवून, रिक्षात मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक पैसे देतं तसा. बेलहाउसिंग (क्लचवरचं कव्हर) पायांमधल्या टनेलमध्ये घुसली, क्लचच्या पायाला जागा उरली नाही, म्हणून भाऊ अनवाणी चालवायचा. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रॉपशाफ्ट आखूड झाला, त्यामुळे ॲक्सल तेवढीच वरखाली झाली तरी जॉइंटचा कोन जास्त बदलायला लागला. त्यात गिअरबॉक्सचा आउटपुट आणि डिफरन्शियलचा पिनियन (प्रॉपशाफ्ट जिथं जोडतात तो दांडा) समांतर ठेवलेच नव्हते. ६० च्या पुढे असा थरथराट, की आरसा बघायची सोय नाही. शेवटी गाडी भंगारात, इंजिन एका जिप्सीवाल्याला.

देवराष्ट्रेचा पाव्हणा
तुमचं पोलर, पिनियन चालू द्या. आमच्या गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर चालू होणारी जीप केली, खर्च ६० हजार. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी स्वतः दखल घेतली आणि पुढच्याच महिन्यात बदल्यात बोलेरो दिली. कुठला कॅल्क्युलेटर होता तिथं? डिग्रीवाल्यांनी फोरमवर टक्के काढावेत, गाड्या फॅब्रिकेटरच करणार.

कुपवाडचा फिटर
पाव्हणं, मी आयटीआयवाला आहे, डिग्री तुम्हीच चिकटवली. लोहारांबद्दल आदरच आहे. पण ती जीप गावात सावकाश फिरायला केलेली, आणि त्या कामाला ती योग्य. इथं ८० हॉर्सपॉवर सहा-सातशे किलोच्या गाडीत घालून घाटात न्यायचंय. दोन्हींना एकच माप?

पोवई नाका
सगळ्यांना आठवण: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. घरी बांधलेल्या गाडीची तर नोंदणीच अवघड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. जिप्सीचं आरसी बुक दाखवून सेव्हन फिरवणार का? लोहारांच्या जीपबद्दल महिंद्रांनीही नियमात बसत नाही असंच लिहिलं होतं.

देवराष्ट्रेचा पाव्हणा
आलं सातारकरांचं कायद्याचं पुस्तक. रात्री बायपासला पिचकारी सायलेन्सर लावून फिरणारी एमएच-११ पोरं कुठल्या कलमात बसतात?

पोवई नाका
आणि हरिपूरच्या यात्रेत रिक्षा रिव्हर्स पळवणारे कुठल्या? सांगलीकरांनी दिशा शिकवू नये.

आयर्विन ब्रिज
रिव्हर्सला नाव ठेवायचं काम नाही. ते बघायला सातारची माणसं पण येतात. नंबरप्लेट दिसतात आम्हाला.

देवराष्ट्रेचा पाव्हणा
प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची, हे हजारदा ऐकवतील. आता काय बनतं ते विचारा.

पोवई नाका
माझे वडील त्याच कारखान्यात होते. जपून बोला. लाइनवर एक बोल्ट कमी टॉर्कचा गेला तर स्कूटर परत यायची. तुमच्यात ‘बसतंय की’ म्हणून पुढं ढकलतात.

वाई मेणवली
भांडण संपलं असेल तर एक विचारू? यवतेश्वर, इंजिन मागे घ्यायचं खरं कारण काय? हेअरपिनसाठी कोणी चॅसी कापत नाही.

यवतेश्वर ११
…संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, स्टिअरिंग रॅकला (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याला) लागत होता. वर उचललं तर बॉनेटला भोक पाडावं लागलं असतं.

कुपवाडचा फिटर
मग हेच आधी लिहायचं ना महाराज! संप लागतो म्हणून मागे घेणं हे खरं कारण आहे, मी स्वतः घेतलं असतं. पण सहा इंच नाही. संप आणि रॅकमध्ये बोटभर फट राहील एवढंच, दीड-दोन इंच. ‘फिफ्टी-फिफ्टी’चं तोरण कशाला बांधलं वर?

आणि हो, पोलर मोमेंटचं बरोबर आहे. बॅटरी ॲक्सलवर नको, सीटच्या मागे चिकटून ठेवा. निम्म्याहून जास्त फायदा तिथंही मिळतो. आता खूश?

यवतेश्वर ११
अगदी खूश नाही. इंजिन चार इंच मागे टॅक केलंय, म्हणजे वेल्डचे नुसते ठिपके मारलेत. रॅक खालीवर करता येत नाही, बंपस्टिअर येतो, म्हणजे खड्ड्यात चाक वरखाली झालं की आपोआप वळतं.

कुपवाडचा फिटर
टॅकच आहे ना? ग्राइंडर लावा आणि दोन इंच पुढं आणा. त्यानं लिव्हरही कोपरातून निघेल. कापलेल्या क्रॉसमेंबरच्या जागी नवीन आडवा द्या, बेलहाउसिंगच्या खालून. वरून वाय आकाराचा ब्रेस, बोल्टनं, म्हणजे इंजिन काढताना सुटेल. पूर्ण वेल्ड मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, आणि एका बाजूला सलग मारू नका, ओढून घेतं.

आयर्विन ब्रिज
आणि पिनियनचा कोन गाडी चाकांवर उभी असताना, ड्रायव्हरच्या वजनासकट बघा. मित्रानं स्टँडवर बघितला होता.

पोवई नाका
आणि चालवणार कुठं?

देवराष्ट्रेचा पाव्हणा
आमच्याकडं आणा. शेतात रस्ता आहे, आणि तिथं आरटीओ येत नाही.