पुण्याच्या नद्या: काठाला बांध की पुराला जागा?

नदीकाठ (धागाकर्ता):
मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठविकासाचे समर्थन पूरनियंत्रणाच्या नावाने केले जाते आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. भराव टाकून पात्र आवळले की तेवढ्याच विसर्गाला पाणी अधिक उंच चढते. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सुमारे ३५,००० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली. निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते ती हद्द, तर ६०,००० क्युसेकचा पूर धरून आखलेली आहे. जर्मनीतील म्यूनिकने इझार नदीच्या ८ किलोमीटर भागात २००० ते २०११ या काळात उलट केले: बांधीव काठ काढले, पात्र रुंद केले, गोट्यांची बेटे नदीलाच घडवू दिली. पुराचा धोका घटला आणि म्यूनिककर तिथे पोहूही लागले.

स्थापत्यकार:
इझारची गोष्ट आपण अर्धीच सांगितली. तिच्या वरच्या अंगाला १९५९ पासून सिल्वेनस्टाइन धरण पूर अडवते, वरच्या गावांतील सांडपाणी शुद्धीकरणानंतर अतिनील किरणांनी निर्जंतुक होते आणि पात्र रुंदावण्याइतकी मोकळी जागाही तिथे शिल्लक होती. पुण्यात पात्र रुंद करायचे तर घरे कोणाची हलणार? बहुधा काठच्या वस्त्यांचीच, सोसायट्यांची नव्हेत. शिवाय टेकडीवर पाणी मुरवण्याचे उपाय लहान पावसाला पुरतात. जुलैअखेर माती भिजून तुडुंब झालेली असते आणि तिच्याखाली काळा कातळ असतो.

कात्रजकर:
२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला लोंढा धरणाचा नव्हता, कात्रजच्या टेकड्यांवरचा होता. नदी दुथडी भरलेली असताना उंच काठामागे असे ओढे तुंबले, तर काय करायचे?

स्थापत्यकार:
ओढ्यांच्या मुखाशी झडपा बसवता येतात.

कात्रजकर:
झडप नदीचे पाणी आत येऊ देत नाही, हे खरे. पण ती बंद असेपर्यंत ओढ्याचे पाणीही बाहेर पडत नाही.

नदीकाठ:
खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम २ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि ३५,००० क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर ३ टीएमसी पाणी खाली येते. म्हणजे सिल्वेनस्टाइनसारखा आधार आपल्याला नाही, हे स्थापत्यकारांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यावरून निष्कर्ष उलटा निघतो. धरण पूर धरून ठेवू शकत नसेल, तर तो पसरण्यासाठी पात्रालगतची जमीनच उरते. जी मोकळी आहे ती तशीच ठेवा, एवढेच मी मागतो आहे. येरवड्याजवळच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा काठ राखायला एकही घर हलवावे लागत नाही.

स्थापत्यकार:
त्या टप्प्यापुरता माझा विरोध नाही. एकतानगरीत मात्र मोकळी जमीन उरलेलीच नाही आणि तिथल्या रहिवाशांना पुढच्या जुलैआधी काहीतरी हवे आहे. बांध नको असेल, तर पुनर्वसनाचा खर्च कोणी करायचा ते सांगा.