ज्यानं सुवार्ता ऐकलीच नाही, तो देवापुढं कशाचा जाब देणार?

खानापूरकर:
खानापूरच्या रानातल्या एखाद्या धनगरवाड्यावरची आजी घ्या. ख्रिस्ताची शिकवण तिच्या कानावर कधी पडलीच नाही. आमच्या बायबलच्या शास्त्राभ्यासात निम्मे म्हणतात ती निर्दोष, निम्मे म्हणतात तिची सुटका नाही. बायबलमधल्या वचनाच्या आधारानं काय सांगावं?

निपाणीकर:
अण्णा, ‘जाब आहे का’ आणि ‘कशाचा’ हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. कन्नड न येणाऱ्याला कन्नड नोटीस वाचता आली नाही, तर तिच्यातल्या अटीसाठी त्याला धरणं अन्याय. पण शेजाऱ्याचा बांध कोरू नये हे कळायला नोटीस लागत नाही. औत वीतभर पलीकडं घालताना माणूस आधी कुणी बघतंय का बघतो. रोमकरांस पत्र २:१५ मधली विवेकाची साक्ष ती हीच. त्यामुळं न ऐकलेल्या ख्रिस्ताला नाकारल्याचा दोष आजीवर नाही. योहान १५:२२ चा रोख तोच. जे कळत होतं, त्याचा जाब मात्र आहे.

रोमकरांस १:१८ ते ३:२० एका बैठकीत वाचा. २:१४ वर थांबलं की ‘विवेक आहे म्हणजे सुटला’ असा अर्थ निघतो. तोच विवेक पुढच्या वचनात दोषही देतो, आणि ३:९ ला यहूदी, हेल्लेणी (ग्रीक) सगळेच पापाखाली येतात.

बेळगाव कॅम्प:
लूक १२:४७-४८ जोडा. धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्याला पुष्कळ फटके, ठाऊक नसलेल्याला थोडे. थोडे, अजिबात नाहीत असं नव्हे. लेवीय ५:१७-१८ मध्ये नकळत घडलेल्या पापालाही दोषार्पणाचा, म्हणजे दोष फेडायला अर्पण करायचा, मेंढा आहे. आणि मत्तय ११:२१-२२ प्रमाणं सोर-सीदोन या परराष्ट्रीयांच्या नगरांपेक्षा येशूची कृत्यं पाहिलेल्या खोराजिन, बेथसैदा या गावांची गत वाईट. दर रविवारी वचन ऐकणाऱ्या आपल्यालाच याची धास्ती हवी!

खानापूरकर:
मग तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, काय? ‘थोडेच फटके असतील तर न सांगितलेलंच बरं’ असं पोरं म्हणतात.

निपाणीकर:
इथं ख्रिस्ती मंडळ्यांचं (चर्चचं) एकमत नाही, ते पोरांना सरळ सांगा. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं ‘लुमेन जेन्शियम’ (१९६४), परिच्छेद १६: स्वतःचा दोष नसताना जो अजाण राहिला, पण मनापासून देवाला शोधतो आणि कृपेच्या बळावर विवेकाप्रमाणं वागतो, त्याला तारण मिळू शकतं. प्रॉटेस्टंटांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा जाहीरनामा (१६४६), प्रकरण १०, कलम ४: ख्रिस्ती विश्वास नसेल तर निसर्गाच्या प्रकाशात कितीही नेकीनं चाललं तरी तारण नाही. तारण ख्रिस्तामुळंच, हे मात्र दोघांनाही मान्य.

पोरांसाठी प्रेषितांची कृत्ये १० घ्या. कर्नेल्य हा रोमी शताधिपती देवभीरू, दानधर्म करणारा, नित्य प्रार्थना करणारा. तरी देवदूत त्याला यापोहून येशूचा प्रेषित पेत्र याला बोलावून आणायला लावतो. सुवार्ता माणसाच्याच तोंडून पोचते. फक्त ३५ वं वचन (देवाची भीती बाळगून नीतीनं वागणारा प्रत्येक राष्ट्रात त्याला मान्य आहे) सुटं उचलू नका, ४३ पर्यंत वाचा. पापांची क्षमा तिथं येते.