लॉन ट्रॅक्टरचा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स बदलायचाय, चढावर ओढतच नाही (खानापूर)

नमस्कार मंडळी. जांबोटीच्या बाजूला आमची काजूची बाग आहे, सगळी उताराची जमीन. गवत कापायला तीन वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याकडून जुना लॉन ट्रॅक्टर घेतला आणि चोर्ला घाटातून टेम्पोत घालून आणला. इंजिन आजही एका सेल्फला सुरू होतं. रडतोय तो गिअरबॉक्स.

सकाळी गार असताना गाडी चढ नीट चढते. अर्धा तास कापणी झाली की त्याच चढावर पेडल पूर्ण दाबलं तरी चाकं थांबतात, इंजिन आपलं चालूच. तासभर सावलीत ठेवली की परत चालते. आमचे मेस्त्री म्हणाले, आतला पंप झिजलाय, तेल तापून पातळ झालं की दाब आतल्या आत गळतो. मला ते पटलंय.

पट्टा नवा टाकला, ताणाचा स्प्रिंग बघितला, ब्रेक चिकटत नाही, मागचा बायपासचा दांडा (गाडी हाताने ढकलायची तर गिअरबॉक्स मोकळा करणारा) पूर्ण आत आहे. गिअरबॉक्सच्या वरच्या पंख्याची दोन पाती तुटलेली आणि खालच्या फटींत गवत आणि तांबडी माती दगडासारखी बसलेली. पंखा बदलला, फटी खरवडून काढल्या. पंधरा मिनिटं जास्त चालली, एवढाच फरक.

तेल बदलावं म्हटलं तर खाली ड्रेनचा नटच नाही. शेवटी सगळा उतरवला. डाव्या चाकाची चावी हबमध्ये गंजून बसली होती, दोन दिवस डिझेल सोडून ठेवल्यावर सुटली. तेल काळं निघालं. बोटावर चोळून उन्हात धरलं तर बारीक चांदीसारखी पूड चमकत होती.

चूक माझी आहे. दोन हंगाम त्याला ट्रॉली लावून शेणखताची पोती चढावर ओढली.

बेळगावच्या उद्यमबागमध्ये हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या दोघांना दाखवला. एक नको म्हणाला, दुसरा आतल्या पंपाची झिजलेली प्लेट घासून देतो म्हणतोय. घासून घेऊ की पूर्ण बदलू? गिअरबॉक्सच्या बिल्ल्यावरचा नंबर घासून गेलाय, मग मागवायचा कसा? मार्चात बी पडायला लागते. आई आणि दोन बायका वेचतात. गवत राहिलं तर बी दिसत नाही, आणि पानापाचोळ्यात हात घालायचा म्हणजे किरडवाची (सापाची) भीती. म्हणून घाई आहे.

प्रतिसाद:
दादा, पूड दिसली म्हणजे घासण्यावर पैसे घालू नका. प्लेट सपाट होईल, पण पिस्टन आणि ज्या ब्लॉकात ते पुढे-मागे सरकतात त्याची झीज भरून येत नाही. शिवाय ती पूड बेअरिंगमध्येही गेलेली असते. पूर्ण बदला.

नंबर नसला तरी मापांवरून जुळवता येतो. ॲक्सलची जाडी, हबपासून हबपर्यंत लांबी, वरच्या पुलीचा व्यास, वेगाचा दांडा कुठल्या बाजूला, ब्रेकचा कुठल्या बाजूला. चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. जाड ॲक्सलचा मोठा घेण्याचा मोह होईल, पण मग चाकाचे हब आणि चॅसीची भोकं दोन्ही बदलावी लागतात.

नवा बसवल्यावर लगेच चढावर नेऊ नका. मागची चाकं वर उचलून गाडीखाली टेकू लावा, बायपास उघडा, इंजिन हळू ठेवून पेडल सावकाश पाच-सहा वेळा पुढे-मागे करा. मग बायपास बंद करून तेच परत. आत हवा राहिली तर नवाही कुरकुरतो आणि लवकर जातो. आणि ट्रॉली पॉवर टिलरला लावा, याला नको.

धागाकर्ता:
खूप आभार. ट्रॉलीचा हुक आजच काढून ठेवला. ॲक्सल पाऊण इंची आहे, वेगाचा दांडा उजवीकडे, ब्रेकचा डावीकडे. बाकीची मापं आणि फोटो संध्याकाळी टाकतो. असा गिअरबॉक्स बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्यात कुणाकडे जुना पण गार-गरम दोन्हीत तपासलेला असेल तर कळवा, गाडी घेऊन स्वतः येतो.