मदत हवी आहे: व्हिडिओ एक्सपोर्ट करताना संगणक अचानक बंद पडतो

निपाणीचा छायाकार
माझा निपाणीत लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. गेल्या आठवड्यापासून फोर-के व्हिडिओ एक्सपोर्टला (संकलनानंतर अंतिम फाइल बनवायला) लावला की, दिवसा असो वा रात्री, दहा-पंधरा मिनिटांत संगणक बंद पडतो. एरवी इतर कामात काहीच अडत नाही. संकेश्वरच्या ग्राहकाला रविवारी पेनड्राइव्ह द्यायचा आहे. ‘विंडोज पुन्हा टाका’ असे कृपया कोणी सुचवू नये. ते दोनदा करून झाले आहे.

घटप्रभा
निळा पडदा येतो, संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, की एकदम काळोख होतो? प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा, हेही आपण लिहिलेले नाही.

खानापूरचा पाऊस
दोष उष्णतेचाच आहे. माझ्या पंख्यावर कापसासारखी धूळ साचली होती. ती काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली आणि त्रास संपला.

निपाणीचा छायाकार
एकदम काळोख होतो आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा लावल्याशिवाय संगणक सुरूच होत नाही. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स आहे, तापमान ७८ अंशांच्या वर गेलेले नाही. एसएमपीएस जुन्या संगणकातलाच, ४५० वॅटचा आहे.

जुने सोल्डर
संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, त्याचा हा परिणाम असावा. अर्थिंग तपासा आणि स्टॅबिलायझर बसवा.

घटप्रभा
मग दिवसाही बंद का पडतो? या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे आणि तिथे पोहोचल्यावरही तो आधी वेग कमी करतो, त्यामुळे धुळीचा मुद्दा मला पटत नाही. मॉनिटर आणि संगणक एकाच यूपीएसवर आहेत का? संगणक बंद पडल्यावर मॉनिटरचा दिवा चालू राहतो का? राहत असेल, तर दोष बाहेरच्या विजेचा नाही.

हिरण्यकेशी
प्रॉक्सी फायली (मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती) वापरल्यास संकलन फार हलके होते.

निपाणीचा छायाकार
संकलनाची अडचण नाही, एक्सपोर्टची आहे. मॉनिटर त्याच ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे आणि मॉनिटरचा दिवा चालूच राहतो. दिवाळीत आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड बसवले, पण फोर-केचे काम याच हंगामात सुरू झाले.

घटप्रभा
हे पहिल्याच ओळीत सांगायला हवे होते! त्या कार्डाला २२० वॅट आणि प्रोसेसरला पूर्ण भारात १४२ वॅटपर्यंत लागतात. त्यात मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे मिळवले, तर जुन्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला श्वास घ्यायला जागा उरत नाही. कार्डाची ओढ क्षणभर याहूनही वर उसळते, तेव्हा एसएमपीएस स्वतःच्या बचावासाठी बंद होतो, आणि स्विच फिरवावा लागतो तो त्यामुळेच. आज आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून एक्सपोर्ट लावून पाहा.

निपाणीचा छायाकार
रात्री ७० टक्क्यांवर लावले होते. थोडा वेळ जास्त लागला, पण फाइल पूर्ण झाली. ६५० वॅटचा एसएमपीएस कोल्हापुरातून मागवला आहे.

घटप्रभा
कार्डाच्या दोन्ही प्लगांना स्वतंत्र केबल जोडा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, तेव्हा पुढची पाळी त्याची आहे.

खानापूरचा पाऊस
कॅबिनेट उघडणारच आहात, तर पेस्टही बदलून घ्या.