टोमॅटोच्या बुडाला काळा डाग : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गच्चीवर १५ इंची कुंड्यांत टोमॅटोची सहा झाडं आहेत. पानं हिरवीगार, फुलंही भरपूर, पण फळ लिंबाएवढं झालं की देठाच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे बुडाला, तपकिरी डाग पडतो आणि तो काळा होऊन खोलगट होतो. फळाला भोक नाही, आत अळी नाही.

वाचून कळलं ते असं : हा रोग नसून फळाला कॅल्शियम कमी पडतं. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून वर चढतं. पाणी वर ओढतो पानांतला बाष्पोच्छ्वास, म्हणून बहुतेक कॅल्शियम पानांकडेच जातं. फळातून बाष्प फारसं बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला थोडंच येतं. आणि साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांतून कॅल्शियम जवळजवळ हलत नाही, म्हणजे पानातलं फळात उतरत नाही.

मग माझा प्रश्न : पानांवर कॅल्शियमची फवारणी करून उपयोग होईल का, की लहान फळांवरच मारावं लागेल? अंड्याच्या टरफलांचा चुरा महिन्यापूर्वी घातलाय, फरक शून्य. मला संशय पाण्याचाच येतो. मी एक दिवसाआड भरपूर घालते, दुपारी माती पार कोरडी होते. रोज थोडं थोडं आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन, असं कोणी करून पाहिलंय का? नवीन फळं किती दिवसांत चांगली यायला लागली? शेणखताबरोबर युरियाही दिला होता, तो थांबवू का?

खूप जीव लावलाय या झाडांना, कृपया अनुभव सांगा.