मदत हवी आहे: घरच्या मशीनवर बीपी 188/106, त्रास काहीच नाही. रात्रीच कॅज्युअल्टीत न्यायचं का?

चाफा:
वडील, वय 64. सातारा जिल्ह्यात गावी असतात, तालुक्याचं ठिकाण 18 किलोमीटरवर. बीपीची गोळी टेल्मिसार्टन 40 रोज सकाळी, एकही चुकलेली नाही. आज रात्री जेवणानंतर दंडावरच्या डिजिटल मशीनवर 188/106 आलं, लगेच पुन्हा घेतलं तर 192/108. डोकं, छाती काही दुखत नाही, बोलणं-चालणं नेहमीसारखं. गुडघ्यासाठी आठ दिवस डायक्लोफेनॅक 50 दिवसातून दोनदा चालू आहे. शेजारचे म्हणतात, निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडा, पाच मिनिटांत उतरेल. द्यावी का? आणि आत्ताच गाडी काढावी का?

रानवारा:
कॅप्सूल अजिबात देऊ नका. तिने बीपी किती आणि किती झपाट्याने उतरेल हे कुणाच्याच हातात नसतं. वर्षानुवर्षं चढ्या बीपीची सवय झालेल्या मेंदूचा रक्तपुरवठा त्याच दाबावर बेतलेला असतो. दाब धाडकन खाली आला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. अर्धांगवायू टाळायला म्हणून दिलेल्या कॅप्सूलनेच अर्धांगवायू होऊ शकतो. कॅज्युअल्टीतसुद्धा त्रास नसलेल्या माणसाचं बीपी तासाभरात खाली ओढत नाहीत.

रात्री धावायचं ते आकडा बघून नाही, लक्षणं बघून. छातीत दुखणं किंवा दाब, पाठीत फाडल्यासारखी कळ, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोबडं बोलणं, अचानक अंधुक दिसणं, असह्य डोकेदुखी, भ्रम, फिट येणं. यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन, मग बीपी 160 असलं तरी.

आता मशीनकडे. लघवी करून येऊ दे. पाठ टेकून खुर्चीत, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प, टीव्ही बंद. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. सदरा वर सरकवून दंड आवळू नका, बाही काढूनच टाका. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत. हात 10 सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा 7-8 ने चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. आणि दंडाचा घेर टेपने मोजून इथे लिहा.

चाफा:
घेर 35 सेंटिमीटर. पट्ट्यावर 22–32 छापलंय. तुम्ही सांगितलं तसं बसवून 174/98 आणि 170/98.

रानवारा:
पट्टा लहान पडतोय. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. 32–42 चा पट्टा त्याच कंपनीचा, त्याच मशीनचा घ्या; दुसऱ्या कंपनीचा जोडू नका. फुगवटा धरूनही बीपी वाढलेलंच दिसतंय, पण आजची रात्र घरी झोपू द्या. लक्षणांवर लक्ष ठेवा आणि उद्या डॉक्टर गाठा.

इकडचातिकडचा:
माझ्या मते खरा चोर डायक्लोफेनॅक आहे. ही वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि टेल्मिसार्टनचा असर बोथट करतात. त्यात दोन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण. लघवी जास्त होण्याची गोळी सोबत असेल तर आणखीच. रात्रीचा डोस थांबवा, उद्या डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं), पोटॅशियम तपासून घ्या. बऱ्याच घरांत ‘दुखण्याची गोळी’ औषधांच्या यादीत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टर बीपीची गोळी वाढवत बसतात. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच.

चाफा:
कळलं, डायक्लोफेनॅक बंद. डॉक्टरांकडे नेताना नोंदी कशा ठेवू?

रानवारा:
उद्या आजचे चारही आकडे घेऊन जा. मोठा पट्टा मिळाला की एकदा दोन्ही हातांवर मोजा. जास्त आकडा देणारा हात कायमचा धरा. 15 च्या वर फरक असेल तर तेही सांगा. मग सात दिवस, सकाळी गोळीआधी दोन आणि संध्याकाळी दोन. तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी 135/85 किंवा जास्त असेल तर औषध बदलावं लागेल असं समजा. मनाला न पटलेला आकडा गाळू नका. मशीनही बरोबर न्या, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्या. नाडी अनियमित लागत असेल तर डिजिटल मशीन चुकू शकतं, तेव्हा ईसीजी हवा.

इकडचातिकडचा:
त्याच फेरीत लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी सांगून घ्या. मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, भाजीपासून लोणचं, पापड, ठेच्यापर्यंत सगळं धरून. वरून मीठ घ्यायची वाटी ताटाजवळून उचला. सोडियम कमी असलेलं मीठ मात्र मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं.

चाफा:
शेवटचं. रात्री तोंड वाकडं वगैरे दिसलंच तर गाडी येईपर्यंत काय करायचं?

रानवारा:
तोंडाने काहीही देऊ नका, पाणी नाही, बीपीची गोळी नाही, अ‍ॅस्पिरिनही नाही. गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं, आणि मेंदूत रक्तस्राव आहे की रक्ताची गाठ ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा, 70 च्या खाली गेली तरी हुबेहूब तसंच दिसतं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. ‘शेवटचे धड कधी होते’ ती वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत देतात. 108 वर बोलतानाच ‘सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय हवं’ असं सांगा.